वरच्या मोरीचं पाणी

आमच्या घराच्या मागच्या भिंतीवरून वरच्या खोलीच्या मोरीचा पाइप उतरतो. हौदाच्या वर तो वळतो आणि त्या वळणाच्या जॉइंटमधून पाणी ठिबकायचं. मला कळायला लागल्यापासून ठिबकायचं. त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. थेंब हौदाच्या पत्र्याच्या झाकणाला चाटून शेजारच्या मातीत पडायचे आणि त्या ओलीत आईने धोपा लावला होता. अळूला आमच्याकडे धोपा म्हणतात. सुपाएवढी पानं यायची. दिवाळीच्या आधी गल्लीतल्या बायका पानं मागायला यायच्या आणि आई प्रत्येकीला सांगायची, "वरच्या मॅडमचं पाणी लागलं त्याले. हात चांगला आहे बाई तिचा."

वरच्या मॅडम म्हणजे आमच्या भाडेकरू. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या, बदली होऊन अमडापूरला आल्या होत्या. नवरा पुण्याकडे कंपनीत, दोन महिन्यांतून एकदा यायचा. बरोबर एकच मुलगी. आल्या तेव्हा ती आठवीत होती, मी सांगते आहे तेव्हा दहावीत. धोप्याच्या वड्या झाल्या की पहिलं ताट वर जायचं. मॅडमचं ताट खाली येताना कधी चिवडा, कधी तिळाच्या वड्या घेऊन यायचं. आई त्या उभ्या उभ्या खायची आणि म्हणायची, "पाक कसा जमते हिले, देव जाणे."

मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. शाळा चिखलीच्या इंग्रजी माध्यमात झाली. सकाळी पिवळ्या बसने जायचं आणि वर्गात मराठी बोललं की बाकावर उभं राहायचं. त्यामुळे इंग्रजी बोलायची भीती आणि मराठी बोलायचीही भीती, अशी मी तयार झाले. स्पर्धा परीक्षेला मराठी निबंध लागतो. तो मला मॅडम तपासून द्यायच्या, हिरव्या पेनने. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर त्या, दुसऱ्या पायरीवर मी. चूक दाखवण्याआधी त्या त्याच ओळीतल्या एखाद्या बरोबर शब्दावर बोट ठेवायच्या. माझ्याशी कोणी तसं वागलं नव्हतं. मी ते त्यांना कधी सांगितलं नाही.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात मॅडम लग्नाची पत्रिका घेऊन खाली आल्या. त्यांच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. आई खूश झाली. घरी आमंत्रण द्यायला आलेल्या बाईला कुंकू लावायचं म्हणून तिने देवघरातून करंडा आणला, बोट कुंकवात बुडवलं, आणि दुसऱ्या हाताने पत्रिका उघडली. वर गणपती नव्हता. गणपतीच्या जागी डोळे मिटून बसलेले बुद्ध होते.

आईचं बोट तसंच राहिलं. लाल, हवेत. मॅडम किंचित पुढे वाकून उभ्या होत्या, कपाळ पुढे करून. मग आईने बोट करंड्याच्या काठाला पुसलं, झाकण लावलं आणि म्हणाली, "पाहू. जमलं तं येऊ."

मॅडम सरळ झाल्या. "या, वहिनी," एवढंच म्हणाल्या आणि वर गेल्या. जिना चढताना त्यांची चप्पल नेहमीइतकाच आवाज करत होती.

आईने पत्रिका चिमट्याने उचलली. चुलीत लाकडं सारायचा चिमटा असतो तो.

"फसवलं व आपल्याले," ती म्हणाली. "अडीच वर्षं. सणावाराले ताटं गेली माह्या घरची. तिच्या तिळाच्या वड्या खाल्ल्या मी!"

खरं तर कोणी काही लपवलं नव्हतं. खोली देताना आईने फक्त आडनाव विचारलं होतं. ते आडनाव आमच्यातही असतं. ती समाधानाने उठली होती आणि पुढचं काही विचारायचं राहूनच गेलं होतं.

बाबा दुपारी शेतातून आले. आईने बोलायला सुरुवात करताच त्यांनी आधी मागचं दार लावलं.

"तोंडानं एक शब्द काढायचा नाही," ते म्हणाले. "केस होईन. मले कोर्टात उभं करतं का?"

"मंग काय, ठेवून घेता का तिले? उद्या पोरीच्या सोयरिकीले माणसं येतीन, ते पहिले जिन्याकडं पाह्यतीन."

"ऐक तं. पाइप गळते ना मागचा? पाइप फुटला. भिंतीत पाणी मुरून राह्यलं. दुरुस्तीले खोली खाली लागते. महिनाअखेरीस. बस, एवढंच सांगायचं."

"आणि हौदात त्यायचं पाणी गेलं असंन तं?"

हौदाचा विचार त्यांनी केला नव्हता.

आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो. भरलेला हौद म्हणजे घरातली सगळ्यात मोठी वस्तू. त्या दिवशी दोघांनी मिळून तो रिकामा केला. बादल्यांनी उपसून सगळं पाणी गल्लीत सोडलं. शेजारच्या घरातून कोणी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "पाल पडली वं. मरून फुगली होती." मग तिने धोपा उपटला. कंदासकट. पानं ढीग करून उकिरड्यावर टाकली, आणि शेजारच्या शेळ्या ती खाऊ लागल्या तेव्हा त्यांनाही हाकललं.

पाल पडल्याचं वर ऐकू गेलंच असणार. संध्याकाळी मॅडम दोन बादल्या घेऊन खाली आल्या. त्यांच्याकडे वर दोन ड्रम भरलेले होते.

"वहिनी, नळाला अजून पाच दिवस आहेत. हे प्यायचं ठेवा. गाळलेलं आहे."

"अवो, कायले तरास घेतला," आई हसून म्हणाली. "ठेवा तिथंच."

मॅडम वर पोचेपर्यंत आईने दोन्ही बादल्या संडासात ओतल्या. मग मला म्हणाली, "वर ठेवून ये. आणि हात धू." मी बादल्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवल्या. हात धुवायला घरात पाणी नव्हतं.

महिनाअखेरीची गोष्ट बाबांनी दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितली. मी आतून ऐकत होते. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, पोरीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये आहे. सेंटर इथलंच आहे. पेपर संपले की दुसऱ्या दिवशी खोली सोडते. तोवर मी मोरी कमी वापरीन." बाबा म्हणाले, "माह्या हातात असतं तं राहूच दिलं असतं, मॅडम. पण पाइपच असा आहे."

मला वाटलं, पाइप जर गळलाच नाही तर?

हे मला एखाद्या गणितासारखं वाटलं. आईशी भांडायचं नाही, बाबांना समजावायचं नाही, तोंड उघडायचंच नाही. फक्त गळती बंद करायची. बोलण्यापेक्षा मला ते सोपं होतं.

नळ येऊन गेल्यावर मंगळवारी आई-बाबा एका तेराव्याला चिखलीला गेले. मी वर जाऊन सांगितलं, "मॅडम, दुपारपर्यंत मोरीत पाणी सोडू नका. जॉइंट कोरडा पाहिजे." त्यांनी मला विचारलं नाही, कोणाच्या सांगण्यावरून. त्यांनी शाळेत फोन करून अर्धी रजा टाकली आणि शिडी धरायला आल्या.

पाइपावर कित्येक वर्षांचा क्षार पांढरा साचला होता. तो मी चाकूने खरवडला, पॉलिश पेपरने घासला, फडक्याने टिपला. माझ्या लहानपणच्या सायकलची जुनी ट्यूब माळ्यावर होती. तिची दोन बोटं रुंद, लांब पट्टी कापली. पट्टी जोर लावून ताणायची आणि ताण न सोडता गुंडाळायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत. रबर पातळ होऊन पाइपाला चिकटतं. मग दोन्ही टोकांवर बांधकामाची तार आणि पक्कडीने पीळ. हे मी मोबाइलवर पाहून ठेवलं होतं. शेवटच्या पिळाला तार माझ्या अंगठ्यात घुसली.

"टिकेल का, बेटा?" खालून मॅडमनी विचारलं.

"वळणाला नवीन एल्बो बसेपर्यंत टिकेल. तात्पुरतं आहे."

"मार्चपर्यंत?"

"मार्चपर्यंत टिकेल."

मुलगी वर मोरीत भरलेली बादली घेऊन उभी होती. तिने ती एकदम ओतली आणि खिडकीतून ओरडली, "ताई, आलं का?"

पाणी पाइपातून धडधडत खाली गेलं. पट्टी कोरडी होती. मी हात फिरवून पाहिला.

"नाही आलं!" मी ओरडले. माझा आवाज गल्लीपर्यंत गेला असेल. मॅडम खाली हसत होत्या आणि शिडी हलत होती.

आई परत आली तेव्हा हौदावर ओघळ नव्हता. तिने वर पाहिलं. काळी पट्टी पाहिली. मग माझा अंगठा पाहिला.

"कोणी सांगतलं होतं तुले?"

मी अंगठा मुठीत घेतला.

"तिच्या मोरीच्या पाइपाले हात घातला तू? या हातानं? इंग्रजी शाळेत नाल्या बांधाले शिकोत होते का व तुले? तरी म्हटलं, बारा वर्षं पोरगी शिकली आणि पाहुण्यासमोर तोंड उघडत नाही, शिकली तं शिकली काय!"

मला डोक्यावरून आंघोळ करायला लावली. देवघरातल्या बाटलीतलं गोमूत्र माझ्या हातांवर शिंपडलं, तेव्हा अंगठा झोंबला. संध्याकाळी मी पोळ्या लाटायला बसले तर आईने पोळपाट ओढून घेतला. माझं ताट तिने मागच्या ओट्यावर ठेवलं. जणू पाहुण्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरला वाढलंय.

ते ताट चार दिवस तिथेच होतं. माझ्या हातचं पाणी कोणी घेतलं नाही. ओट्यावर बसलं की पाइप समोर दिसायचा. एक थेंब नाही. वर मुलगी पाढ्यासारख्या व्याख्या म्हणत फिरायची, तिच्या पायांचा आवाज छतातून यायचा. आईही तो ऐकायची आणि वर बघून म्हणायची, "पाठ कर, पाठ कर. कलेक्टर होजो."

पाचव्या दिवशी बाबा माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसले. ते माझ्याशी क्वचितच असे बसतात.

"जूनमध्ये पुण्याले जायचं ना तुले? क्लासले?"

मी मान हलवली. दोन वर्षांपासून मी तेवढी एकच गोष्ट मागत होते.

"तुह्या आईले मी समजावतो. पण मंग घरात असा ताण ठेवून कसं जमंन? ते बांधलं तू चांगलं. पण कायले?" त्यांनी पाइपाकडे पाहिलंसुद्धा नाही. "तात्पुरतंच आहे म्हणे ना ते."

बाबा एवढंच बोलले. सोड असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी कधीच काही करायला सांगितलं नाही, असं ते आजही शपथेवर सांगू शकतील.

आईला घाबरून केलं असं लिहिणं सोपं आहे. ओट्यावरच्या ताटाला कंटाळून केलं, असंही लिहिता येईल. पण त्या सकाळी शिडी लावताना माझ्या डोक्यात पुणे होतं. हॉस्टेलची खोली, जिथे मला कोणी ओळखत नाही. मॅडम शाळेत गेल्या होत्या, मुलगी क्लासला. शिडी धरायला कोणी नव्हतं. तारेचे दोन पीळ मी पक्कडीने उलटे फिरवले. पट्टीचा एक वेढा सैल केला. दोन मिनिटंही लागली नाहीत. खाली उतरून मी शिडी जागेवर ठेवली, पक्कड जागेवर ठेवली. त्या दिवशी माझं ताट आत लागलं. आईने ताटात तूप जास्त वाढलं.

दुपारी वर भांडी घासली गेली आणि पाइपातून थेंब सुटले. आधीच्यापेक्षा जास्त. आई मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "पाहा मॅडम, गळून राह्यला पुन्हा! असलं टिकते थोडंच."

मॅडम आणि मुलगी दोघी खाली आल्या. मॅडमनी शिडी मागितली नाही. हौदाजवळ उभं राहून वर पाहिलं, बराच वेळ. तारेची टोकं, जी मी बांधताना आत वळवली होती, ती आता बाहेर आली होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या अंगठ्याकडे.

मुलगी म्हणाली, "ताई, कसं काय सुटलं? इतकं घट्ट होतं."

कोणी काही विचारलं की मी इंग्रजीतला एखादा शब्द पुढे करते. शाळेपासूनची सवय.

"प्रेशरने," मी म्हणाले. "पाण्याच्या प्रेशरने सुटलं."

ती पंधरा वर्षांची होती. विज्ञानाचं पुस्तक तिच्या काखेत होतं. तिने पाइपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मोरीच्या पाइपात प्रेशर नसतं, ताई," ती म्हणाली. "पाणी नुसतं खाली येतं."

"चल," मॅडम तिला म्हणाल्या. "आवरायला घेऊ."

माझी निबंधाची वही त्यांच्याकडे होती. ती संध्याकाळी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर ठेवलेली मिळाली. निबंध तपासलेला होता, सगळा, हिरव्या पेनने. काना-मात्रेच्या चुकाही सोडल्या नव्हत्या. शेवटी त्या नेहमी एक ओळ लिहायच्या, ती जागा रिकामी होती.

महिना संपायच्या आधीच टेम्पो आला. त्यांना चिखलीला खोली मिळाली होती. अमडापुरात नाही मिळाली. आमच्या गावात एक घर बोललं की बाकीची घरं ऐकतात. सामान चढत असताना आई पुढच्या ओट्यावर उभी होती. "पोरीचे पेपर झाले की या बरं घरी," ती म्हणाली. मॅडमनी तिला नमस्कार केला. मला नाही.

मार्चमध्ये मुलगी रोज चिखलीहून पेपरला यायची. आमच्या घरावरूनच शाळेचा रस्ता आहे. विज्ञानाच्या पहिल्या पेपरच्या दिवशी मी पुढच्या ओट्यावर होते. वेळ होऊन गेली होती, पोरं आत गेली होती. ती पॅड छातीशी धरून पळत आली. दप्तर नव्हतं, एका पायातल्या चपलेचा पट्टा तुटला होता, ती चप्पल हातात. मला वाटतं तिने मला पाहिलं. ती तशीच पुढे पळत गेली. आई आतून म्हणाली, "कोण होतं व?" मी म्हटलं, "कोणी नाही."

तिला किती टक्के पडले, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. मला विचारता आलं नाही.

जूनमध्ये मी पुण्याला गेले. बाबांनी शब्द पाळला. जाण्याच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "तो पाइप बांधून जाय व. नवे भाडेकरू येऊन राह्यले, बरं दिसत नाही." मी तेच दोन पीळ पुन्हा घट्ट केले. त्याच पट्टीवर, त्याच तारेने. नवीन एल्बो आणायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

दिवाळीला घरी आले तेव्हा वर नवरा-बायको राहत होते, आमच्यातले, आईच्या माहेरकडून दूरचं नातं निघालेले. बायको माझ्याच वयाची होती. आईने हौदाशेजारी शेजारणीकडून कंद आणून पुन्हा धोपा लावला होता, पण पानं तळहाताएवढीच होती, कडेने पिवळी.

"ओल नाही त्याले," आई मला म्हणाली. "थेंब पडत नाही वरून. तू असं बांधलं की चार-पाच महिने झाले, टिप्पूस नाही. सांगते मी सगळ्याइले, माह्या पोरीनं बांधला." मग वरच्या बाईकडे सुनेकडे बघावं तसं बघून ती मला म्हणाली, "हिचं पाणी तं घरचंच पाणी. जाय व, थोडा सैल कर तो पाइप. वड्यायपुरती पानं तरी होतीन."

मला पक्कड शोधावी लागली नाही. ती कुठे असते ते मला माहीत होतं. वरची बाई हसत शिडी धरायला आली. तार गंजली होती, पण पीळ सहज उलटा फिरला. आईने खालून वर मोरीत पाणी ओतायला त्या बाईच्या नवऱ्याला हाक मारली आणि वाट पाहत उभी राहिली.

"आलं का व?" तिने विचारलं.

"आलं," मी म्हणाले.